टटल क्विंबलच्या मिशा

“मिरजेच्या कुठल्याही मंगल कार्यालयाच्या दारात मला उभी करा. येणाऱ्याचं नुसतं आडनाव सांगा. तो चपला काढून आत येईपर्यंत त्याचं माझं नातं लावून दाखवते!”

हे मी बोलले ते मिरजेत नाही. अमेरिकेत, ओहायोतल्या एल्डरटन नावाच्या गावात, क्विंबल कंपनीच्या उन्हाळी सहलीत, हातात मक्याचं कणीस धरून. समोर कंपनीचे चेअरमन वॉरन क्विंबल बसले होते आणि शेजारी आमचे हे, दिनकर घैसास, त्याच कंपनीत यंत्रांची ड्रॉइंगं काढणारे. टेबलाखालून ह्यांनी माझं पाऊल दाबलं. लग्न झाल्यापासून आमची ही खूण ठरलेली आहे. एकदा दाबलं की ‘आवर’, दोनदा दाबलं की ‘मेलो’. त्या दिवशी दोनदा दाबलं.

वॉरनसाहेबांनी कणीस खाली ठेवलं. “आमच्या घराण्याचं जमेल तुम्हाला?”

“न जमायला काय झालं? आमच्याकडे श्राद्धाला बसायचं तर बाप, आजा, पणजा तोंडपाठच लागतात. तुमचा वंशवृक्ष महिन्याभरात भिंतीवर लावून देते.”

“भिंतीवरच हवाय मला! ऑक्टोबरात कंपनीला शंभर वर्षं होतात. मोठ्या हॉलमध्ये लावू.” मग त्यांनी इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. “फक्त एक. माझ्या चुलतबहिणीला, आगस्टाला, यातलं काही कळता कामा नये. तिला कळलं की ती नाही म्हणणार.”

गाडीत बसल्याबरोबर हे सुरू झाले.

“शालन, कुणाला शब्द दिलास कळतंय का? आपल्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर ज्याची सही व्हायचीय, त्याला!”

“म्हणूनच दिला. खूश होऊन दोन सह्या करेल.”

“एकच लागते गं. आणि ती नाही झाली, तर मार्चमध्ये बिऱ्हाड उचलायचं आणि मिरज.”

मिरज वाईट नाही. पण एल्डरटनला येऊन मला दोन वर्षं होत होती, परसात मेथी धरली होती, समोरच्या बाईला मी कोथिंबिरीची वडी शिकवली होती आणि तिनं ती सॉसमध्ये बुडवून का होईना, खाल्ली होती. मला आता कुठं जायचं नव्हतं.

तर हे क्विंबल लोक. गावातली शाळा क्विंबल, दवाखाना क्विंबल, तळंसुद्धा क्विंबल. मूळ पुरुष एझ्रा. त्यांनी सफरचंद सोलायचं यंत्र काढलं. हातानं फिरवायचं, साल एकसलग लांब दोरीसारखी निघायची. त्यावर सगळं साम्राज्य उभं राहिलं. पुढच्या पिढीत दोघं, जोसाया आणि होरेस. जोसायानं कपडे पिळायचं यंत्र काढलं, डबे फोडायचं यंत्र काढलं, आणि दोन्ही लाखोंनी खपली. होरेसनं टोपी आपोआप उचलून समोरच्याला नमस्कार करणारं यंत्र काढलं. ते एकच तयार झालं, आणि होरेसच्या डोक्यावरच बंद पडलं. घरातले दिवे आपोआप लावणारं यंत्रही त्याचंच. त्यानं दिवे लावले, पडदे लावले, माडी लावली. घराण्याचे सगळे कागद त्याच रात्री जळून गेले.

वॉरनसाहेब होरेसचे चिरंजीव. स्वभावानं अगदी चांगला माणूस, पण डोक्यातून सारखी यंत्रं निघायची. आणि आगस्टाबाई जोसायाची मुलगी, बिनलग्नाची, ऐंशी पार केलेली. कंपनीच्या मीटिंगला एक जुनी लाकडी खुर्ची असायची, एझ्राची. तिच्यात एझ्राच्या रक्ताचं जे सगळ्यात वडीलधारं माणूस असेल त्यानं बसायचं, आणि त्यानं ‘हो’ म्हटल्याशिवाय नवं यंत्र बाजारात जायचं नाही, अशी त्या घरची रीत. तीस वर्षं त्या खुर्चीत आगस्टाबाई बसत होत्या आणि तीस वर्षं वॉरनसाहेबांना ‘नाही’ म्हणत होत्या.

मला हे ठाऊक, कारण दर बुधवारी त्या मला त्यांच्या गाडीतून बाजारात न्यायच्या. गाडी रस्त्याच्या बरोब्बर मधून चालवायच्या. समोरून कुणी आलं तर तो शेतात उतरायचा.

“वॉरनचं प्रत्येक यंत्र आधी आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात चालवून बघते,” त्या सांगायच्या. “गेल्या वर्षी अंडी फोडायचं आणलं होतं. शालन, ते अजून छताला आहे.”

“यंत्र?”

“अंडं.”

मला त्या फार आवडायच्या. पण शब्द दिला होता, म्हणून वंशवृक्षाचं एक अक्षर बोलले नाही.

कागद जळलेले, विचारायची चोरी. राहिलं काय? दगड. पुढच्या रविवारी मी ह्यांना घेऊन गावच्या दफनभूमीत गेले. ह्यांच्या हातात वही, माझ्या हातात थर्मास. ऊन छान पडलं होतं आणि क्विंबल मंडळी ओळीनं निजली होती.

“होरेस एझ्रा क्विंबल,” मी वाचलं. “मधलं नाव एझ्रा. म्हणजे एझ्राचा मुलगा.”

“एवढं तर आमच्या कँटीनवाल्यालाही माहितीय.”

“थांबा हो. आपले साहेब कोण? वॉरन होरेस क्विंबल. होरेसचा मुलगा! बघा. अगदी आपल्यासारखंच आहे यांचं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आपण उगाच यांना परके समजतो.”

ह्यांनाही ते पटलं. पुढचा दगड ह्यांनीच वाचला. “जोसाया टटल क्विंबल.” आणि मान वर न करता वहीत लिहिलंसुद्धा, “वडील, टटल.”

“टटल कोण?”

“एझ्राचा भाऊ असणार. आडनाव क्विंबलच आहे ना? शिवाय गावाबाहेर टटल टेकडी आहे. काही नसताना टेकडीला नाव देतात का कुणी?”

“पण जोसाया आणि होरेसला सगळे भाऊ भाऊ म्हणतात.”

“मग? चुलतभाऊ भाऊ नसतो? मी बाळ्याला कधी चुलतभाऊ म्हटलंय?”

खरंच नव्हतं म्हटलं. बाळ्या ह्यांचा चुलतभाऊ आहे हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तेही वाटणीच्या वेळी.

टटलचा दगड काही सापडला नाही. एझ्राच्या शेजारी एक छोटा दगड होता, त्यावर नुसतं ‘आई’ एवढंच.

“ही कुणाची आई?” मी विचारलं.

“दगडाला विचार.”

“नाव लिहायला काय धाड भरली होती यांना?”

“तुमच्या माहेरी, सोहोन्यांच्या वंशावळीत आहेत का बायकांची नावं?”

नाहीत. आमच्या सोहोन्यांच्या वंशावळीत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिलाय. मी थर्मास उघडला आणि ह्यांना चहा दिला. माणसाचं तोंड बंद करायला चहा बरा पडतो.

वंशवृक्षाचा फळा रंगवायला साहेबांनी लायलला नेमलं. लायल गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यातल्या बऱ्याचशा खाटकाच्या. त्यामुळे त्यानं कुणाचंही तोंड काढलं तरी ते ताज्या मांसासारखं गुलाबी यायचं. प्रत्येक नावाच्या वर एक अंडाकृती चित्र, असं ठरलं होतं. एझ्राचा फोटो होता, जोसायाचा होता, होरेसचा टोपीसकट होता. टटलची जागा तेवढी रिकामी.

“असं चालणार नाही,” लायल म्हणाला. “पुढचा दात पडल्यासारखं दिसतं. साधारण कसा होता हा माणूस?”

मी होरेसचा फोटो बघितला. लांब, खाली वळलेलं नाक. एझ्राचंही तसंच. मग स्वयंपाकघरात वरणभात कालवत बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघितलं.

“काय?” हे म्हणाले. “असं काय बघतेस?”

“अहो, जरा कोट घालता?”

“जेवताना?”

कोट घातला, कडक कॉलर लावली, काळ्या लोकरीचे कल्ले चिकटवले. मिशा ह्यांच्या स्वतःच्याच होत्या, भरघोस.

“अगं, दुसऱ्याच्या आजोबांच्या जागी माझं तोंड? अपशकुन आहे तो.”

“चित्र आहे ते, फोटो नव्हे. आणि इथे हार घालत नाहीत. हलू नका, नाक वाकडं येतंय.”

लायलनं ह्यांना त्याच त्या खाटकाच्या डब्यातला गुलाबी रंग दिला. मिशा ह्यांच्यापेक्षा दुप्पट काढल्या, म्हणाला, शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांच्याच मोठ्या असायच्या. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं, ‘टटल क्विंबल, एझ्रा यांचे बंधू’. मी लांबून बघितलं आणि मला भरून आलं. इतका रुबाबदार माणूस आमच्या घरात असल्याचं मला कधी जाणवलंच नव्हतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले ते मिशा काढून.

“हे काय?” मी किंचाळले.

“ओळखलं कुणी तर? सावधगिरी म्हणून.”

सोळा वर्षांच्या संसारात मी ह्यांचा वरचा ओठ पाहिला नव्हता. तसा राहिला असता तरी काही बिघडलं नसतं.

हॉल गच्च भरला होता. मंचावर एझ्राची खुर्ची, तिच्यात आगस्टाबाई, दोन्ही हात काठीवर. मागच्या भिंतीवर आमचा फळा आणि त्याच्यावर निळा मखमली पडदा. पडद्याला वॉरनसाहेबांचं ताजं यंत्र लावलेलं. बटण दाबलं की पडदा आपोआप सरकणार. हे यंत्र तेवढं आगस्टाबाईंकडून तपासून झालं नव्हतं, कारण त्यांच्या घरात एवढी खिडकीच नव्हती.

साहेबांनी भाषण केलं आणि बटण दाबलं. पडदा डावीकडून सरकला, एझ्रा दिसला. टाळ्या पडल्या. पडदा बंद झाला.

साहेब हसले, पुन्हा बटण दाबलं. पडदा अर्ध्यापर्यंत सरकला. एझ्रा, त्याच्याखाली होरेस, होरेसच्या खाली स्वतः वॉरनसाहेब. आणखी टाळ्या. पडदा पुन्हा बंद.

“हप्त्याहप्त्यानं दाखवताहेत,” हे पुटपुटले.

तिसऱ्या वेळी पडदा सरसरत थेट उजव्या टोकापर्यंत गेला. वरच्या ओळीत एझ्राच्या शेजारी मिशांचा ढीग आणि त्यातून बाहेर आलेलं नाक. त्याच्याखाली जोसाया. जोसायाच्या खाली आगस्टाबाई.

पडदा बंद झाला.

“हा कोण?” अंधारलेल्या मखमलीकडे बघत कुणीतरी विचारलं.

“टटल म्हणे. भाऊ म्हणे.”

“एझ्राला भाऊ होता?”

“असणारच,” गावचे मेयर म्हणाले. “नाक बघितलंत ना? अस्सल क्विंबल.”

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सर्दी झाल्यासारखा नाकाला लावला. तो पुढचा तासभर काढला नाही.

वॉरनसाहेबांनी बटणाचा नाद सोडून पडदा हातानं ओढला. तो वरच्या दांडीपासून फाटून त्यांच्या अंगावर पडला. ते त्यातून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता, की लायलचा गुलाबी रंग फिका पडावा.

“म्हणजे जोसायाकाका एझ्राचा मुलगाच नव्हे! बाबा मरेपर्यंत सांगत होते, ‘जोसाया माझा भाऊच नाही’. मला वाटायचं, रागानं म्हणतात!” ते खुर्चीकडे वळले. “आगस्टा, तू बाजूची फांदी आहेस गं. ही खुर्ची एझ्राच्या रक्ताची. तुला उठावं लागेल.”

मी नातं लावायला गेले होते, तोडायला नव्हे. आमच्याकडे नातं लावलं की फार तर काय होतं, जेवणाला दोन पानं जास्त लागतात. खुर्ची जात नाही कुणाची.

“आणि मिसेस घैसास,” साहेब मला म्हणाले, “सोमवारी सकाळी माझी पहिली सही तुमच्या कागदांवर!”

ह्यांनी माझं पाऊल दाबलं. तीनदा. त्याचा अर्थ आमचा ठरलेला नव्हता.

आगस्टाबाई काठीवर जोर देऊन उठल्या. सावकाश चालत फळ्यापाशी गेल्या. चष्मा लावून टटलकडे बघितलं, चष्मा काढून बघितलं. मग मागे न वळता म्हणाल्या, “शालन, इकडे ये.”

मी गेले. सगळं गाव बघत होतं.

“हा माणूस तुला कुठं भेटला?”

मनात आणलं असतं तर थाप मारता आली असती. टेकडीचं नाव होतंच, एखादी फुटकी पाटी सापडली म्हणता आलं असतं, आणि सोमवारची सही पदरात पडली असती. पण ज्या बाईनं दर बुधवारी माझ्यासाठी सगळ्या गावाला शेतात उतरवलं, तिला तिच्या खुर्चीतून उतरवून मी कुठल्या तोंडानं तिच्या गाडीत बसणार होते?

“भेटला नाही,” मी म्हणाले. “लावला.”

“लावला म्हणजे?”

“जोसाया टटल क्विंबल. मधलं नाव टटल, म्हणजे बाप टटल. आणि आडनाव क्विंबल, म्हणजे तो एझ्राचा भाऊ.”

“मधलं नाव म्हणजे बाप, हे तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला लागतं? माझे हे दिनकर विष्णू, ह्यांचे वडील विष्णू. लग्नाआधी मी शालन माधव, आता शालन दिनकर. होरेस एझ्रा, वॉरन होरेस. सगळं जुळत होतं हो!”

आगस्टाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. काठी हातातून पडली, चष्मा पडला, पुढच्या रांगेतल्या दोन बायका धावल्या, तेव्हा कळलं की त्या हसताहेत. चांगल्या पोट धरून.

“अगं बाई,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “धाकट्या पातीत बापाचंच नाव पुढं लावत गेले, ते त्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून. थोरल्या मुलाच्या नावात आम्ही त्याच्या आईचं माहेरचं आडनाव अडकवतो! टटल हे माझ्या आजीचं माहेर. एझ्राची बायको, प्रुडेन्स टटल. ती टेकडी तिच्या बापाची.”

“म्हणजे,” वॉरनसाहेबांनी मखमल खांद्यावरून खाली टाकली, “टटल नावाचा माणूसच नाही?”

“माणूस नाही. बाई आहे.”

मला एकदम तो छोटा दगड आठवला. नुसतं ‘आई’ लिहिलेला.

आगस्टाबाई परत खुर्चीत बसल्या, पण आता त्यांनी हॉलकडे तोंड केलं. “ऐकायचंय का? एझ्रा आजोबांना जेवणानंतर रोज सफरचंद भरलेला गोड ‘पाय’ खायला लागायचा. रोज. आजीच्या अंगठ्याला सोलून सोलून घट्टे पडले. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या एका मोडक्या घड्याळाची चाकं घेऊन तिनं ते सोलायचं यंत्र केलं. आजोबांनी काय केलं? वर आपल्या नावाची पाटी ठोकली. पाटी सरळ ठोकली, एवढं मात्र खरं. मी हे वॉरनच्या बापाला सांगितलं, वॉरनला सांगितलं. दोघंही म्हणाले, म्हाताऱ्या बायका काहीही बोलतात.”

आगस्टाबाईंनी कुणीतरी उचलून दिलेली काठी फळ्याकडे रोखली.

“शंभर वर्षांत या कंपनीच्या भिंतीवर टटल हे नाव आज पहिल्यांदा लागलं. तेही वरच्या ओळीत, एझ्राच्या बरोबरीनं. ही मिरजेची मुलगी चुकली, पण आमच्या सगळ्यांपेक्षा बरोबर ठिकाणी चुकली. मिशा तेवढ्या जरा जास्त झाल्यात.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आजीला थोड्या होत्याच म्हणा.”

आधी मेयर हसले, मग सगळा हॉल. वॉरनसाहेब तेवढे हिरमुसून उभे होते. हातातलं खेळणं काढून घेतल्यासारखे.

“म्हणजे खुर्ची...”

“माझी.”

“आणि मिसेस घैसास, सोमवारच्या सहीचं मला जरा परत...”

“वॉरन,” आगस्टाबाई म्हणाल्या, “तुझं ते पडद्याचं यंत्र. बाजारात आणायचंय?”

साहेबांनी मान वर केली.

“आण. माझं ‘हो’ आहे. पण हा फळा इथंच राहील, टटल वरच राहील, त्याची बाई करा. आणि या दोघांची सही सोमवारीच होईल.”

“‘हो’?” वॉरनसाहेब पुटपुटले. “आगस्टा, तू ‘हो’ म्हणालीस?” त्यांचे डोळे भरून आले. तीस वर्षांत त्यांनी तो शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी आगस्टाबाईंना मिठी मारली, मला मिठी मारली, ह्यांना रुमालासकट मिठी मारली. तेवढ्यात यंत्राला जाग आली, आणि भिंतीवरची रिकामी दांडी आपोआप उजवीकडे गेली आणि परत आली. लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या.

मग केक कापला. आगस्टाबाईंनी मला बाजूला बसवून त्यांच्या आजीबद्दल आणखी पुष्कळ सांगितलं, आणि मी त्यांना सांगितलं की माझ्या पणजीचं नाव मला माहीत नाही. “शोध की मग,” त्या म्हणाल्या. “नाती लावणारी ना तू?” त्या रात्री मी मिरजेला आईला फोन लावला. तीन मिनिटांचे पैसे भरून, विचारलं काय, तर पणजीचं नाव. आईला वाटलं आमचं काहीतरी बरंवाईट झालंय. नाव तिला आठवलं, द्वारका. माहेर कुरुंदवाडचं. ते मी सोहोन्यांच्या वंशावळीत घातलं. आजही घालतेय, जी जी सापडते ती.

लायलनं टटलची बाई केली. नवं चित्र काढायचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्यानं मिशांवर गुलाबी रंग मारला, कल्ल्यांचे कुरळे केस केले आणि डोक्यावर झालरीची टोपी चढवली. खाली लिहिलं, ‘प्रुडेन्स टटल क्विंबल’. नाक तेच ठेवलं. आमचे हे निवृत्त होईपर्यंत रोज दुपारी जेवायला त्या चित्राखालून गेले. पुढं माझ्या सासूबाई इथं आल्या, तेव्हा आम्ही त्यांना हॉल दाखवायला नेलं. त्या चित्रापुढं थबकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

“अहो, काय करताय?” मी म्हटलं.

“अगं, ह्या तर थेट आमच्या सासूबाई!”

सही सोमवारी झाली. साहेबांनी शब्द पाळला. राहिलेले रकाने भरायचं काम त्यांच्या सेक्रेटरीनं, डोरिसनं, आनंदानं केलं. ती त्या शनिवारी हॉलमध्ये होती, आणि मधलं नाव कुठून येतं हे आता एल्डरटनमध्ये सगळ्यांनाच पक्कं ठाऊक झालं होतं. आमची पूर्ण नावं बघून तिनं आईच्या माहेराचे आणि बायकोच्या माहेराचे रकाने स्वतःच भरून टाकले. आम्हाला विचारायची तिला गरज वाटली नाही. आम्ही न वाचता खाली सह्या केल्या.

क्लीव्हलंडच्या कचेरीत आम्हाला बोलावणं आलं. समोर एक चष्मेवाला साहेब, निवांत, पान पान उलटणारा.

“मिस्टर घैसास,” तो म्हणाला, “तुमचं नाव दिनकर. तुमच्या पत्नीचं माहेरचं आडनावही दिनकर. तुमच्या वडिलांचं नाव विष्णू. तुमच्या आईचं माहेरचं आडनावही विष्णू.” त्यानं चष्म्यावरून आधी ह्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. “लग्नाच्या आधी तुमचं आपसात नेमकं काय नातं होतं?”

ह्यांनी टेबलाखालून माझं पाऊल एकदा दाबलं. पण नात्याचं विचारल्यावर मला राहवेना. मी खुर्ची पुढं ओढली आणि सांगायला सुरुवात केली.

पुढच्या महिन्यात आम्हाला परत बोलावलं, दुभाष्या घेऊन.